उतार कशानं पडला?

छातीत दुखायला लागलं की आपल्याकडे पहिलं निदान घरातच होतं: गॅस झालाय. मग ओवा, हिंग, कोमट पाणी, नाहीतर नाक्यावरचा सोडा. तेवढ्यानं भागलं नाही, चढ चढताना छाती भरून यायला लागली, की कुणीतरी अर्जुनाचं नाव काढतं. महाड-पोलादपूरकडे चढ टाळता येत नाही. पोलादपूर तालुक्यातल्या कितीतरी वाड्या डोंगराच्या अंगावर आहेत. एसटी खाली सोडते आणि घर वर असतं. छातीतली कळ तिथे चढावर येते आणि बांधावर पाच मिनिटं टेकलं की जाते. अर्जुनाची साल दुधात उकळून घेणारा माणूस सांगतो, "महिनाभर घेतली, आता बरंच बरं आहे." तो खोटं बोलत नसतो. पण त्याला उतार पडला तो सालीमुळे, की साल घेत असताना?

हा प्रश्न महाडकरांना नवा नाही. हृदयावर घाला घालणाऱ्या एका दुखण्यावरचा इलाज याच दोन तालुक्यांत शोधला गेला, तपासला गेला आणि इथून जगभर गेला. ते दुखणं म्हणजे विंचूदंश. त्याकडे येण्याआधी अर्जुनाचं झाड नीट बघून घेऊ, कारण पुराव्याची पहिली अडचण झाडापाशीच सुरू होते.

अर्जुन किंवा अर्जुनसादडा हा नदी-ओढ्याच्या काठचा वृक्ष. खोड गुळगुळीत, पांढुरकं-राखाडी, सालीचे पापुद्रे सुटून पडतात. फळाला पाच पंख. ऐन आणि किंजळ ही त्याचीच भावंडं, तिघंही टर्मिनॅलिया प्रजातीची. ऐनाचं खोड काळपट, चौकोनी भेगांनी तडकलेलं. सह्याद्रीच्या कोकण उतारावर ऐन-किंजळ हवे तेवढे, अर्जुन मात्र पाणी धरून असतो. उभं झाड ओळखायला गुराख्याचं पोरही चुकत नाही. पण साल वाळवून कुटली की सगळ्यांचीच लालसर-तपकिरी, तुरट भुकटी होते. पुडीवर ‘अर्जुन चूर्ण’ छापलेलं असलं तरी आत काय आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली किंवा प्रयोगशाळेतच कळतं. अर्जुन गुणकारी आहे का, हा झाला पुढचा प्रश्न. आपण घेतोय तो अर्जुनच आहे का, हा आधीचा.

ग्रंथांचा आधार जुना आहे. हृदयविकारावरचं औषध म्हणून अर्जुनाची ख्याती वाग्भटापासून सांगितली जाते. पुढे अकराव्या शतकातल्या चक्रदत्तानं अर्जुनाचा क्षीरपाक दिला. क्षीरपाकाचं माप ठरलेलं: एक भाग साल, आठ भाग दूध, बत्तीस भाग पाणी, मंद आचेवर पाणी आटून दूध तेवढं उरेपर्यंत उकळायचं, गाळायचं आणि प्यायचं. वैद्य घराण्यांत हे माप आजही पाळलं जातं.

"हजार-बाराशे वर्षं लोक उगाच घेतात का?" असं इथे हमखास विचारलं जातं. ग्रंथांतला हृद्रोग पाच प्रकारचा आहे: वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक आणि कृमिज. त्यात उलटी, तहान, भोवळ, धाप, छातीत टोचल्यासारखं होणं असं पुष्कळ काही येतं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या अरुंद झाल्यामुळे श्रम करताना छाती आवळणं, म्हणजे अंजायना, हा त्यातला फार तर एक तुकडा. या दुखण्याचं नेमकं वर्णन विल्यम हेबर्डन या इंग्रज डॉक्टरनं १७६८ साली लंडनच्या वैद्यांपुढे वाचलं, आणि त्याचं मूळ हृदयाच्या धमन्यांत आहे हे पक्कं व्हायला आणखी बराच काळ गेला. म्हणजे हजार वर्षांचा अनुभव आहे खरा, पण तो नेमका आपल्या प्रश्नाचा अनुभव नाही. दीर्घ वापरावरून एवढं मात्र म्हणता येतं, की साल घेऊन माणसं तडकाफडकी दगावत नाहीत. औषधाचा विचार पुढे न्यायला तेवढं कारण पुरतं.

आता विंचू.

महाड-पोलादपूरचा लाल विंचू लहान असतो. त्याच भागातला काळा विंचू चांगला थोराड, दिसायला भयंकर. काळा डसला तर माणूस गडबडा लोळतो, रात्रभर ठणका लागतो आणि सकाळपर्यंत उतरतो. लाल डसला तरीही सगळ्यांचं विष अंगात भिनत नाही. अनेकांना नुसती वेदनाच होते. पूर्वी अशा माणसाला भगताकडे नेत. मंत्र म्हणायचा, आघाड्याचं मूळ उगाळून लावायचं, कुणी वाघनखीचं फळ उगाळायचं. ते फळच वाकड्या नांगीसारखं दिसतं. सकाळी विंचू उतरलेला असे. दहांतल्या सात-आठ जणांना काहीही न करता उतारच पडणार असेल, तर दहांतल्या सात-आठांचं श्रेय आघाड्याला मिळणार, हे ओघानं आलंच. उरलेल्यांचं काय? तो विंचू वाईट होता, वेळ वाईट होती, आणायला उशीर झाला.

उरलेल्यांतले काही मात्र मरत होते, आणि मरताना त्यांच्या छातीत काय होतं ते कुणी नीट पाहिलेलं नव्हतं. डॉ. हिम्मतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, नागपूरला एमबीबीएस झालेले. १९७६ साली ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. तिथे त्यांनी एक साधी, पण कुणी न केलेली गोष्ट केली. रुग्णाच्या उशाशी बसून तासातासाला काय होतं, ते लिहून ठेवलं. आधी उलटी. मग दरदरून घाम, तोंडाला लाळ, हातपाय बर्फगार, मुलग्यांत आणि पुरुषांत शिश्न ताठरणं, रक्तदाब चढलेला. काही तासांनी धाप, खोकला, तोंडावाटे गुलाबी फेस. फुप्फुसं पाण्यानं भरलेली. ही लक्षणं पुढचा धोका आधीच सांगतात, हे त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं.

या निरीक्षणांतली एक गोष्ट उपचार तपासणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावी अशी आहे. दंशाच्या जागी प्रचंड ठणका आणि बाकी काहीच नाही, असा रुग्ण बहुधा वाचतो. ज्याच्या अंगात विष भिनलंय, त्याला दंशाच्या जागेची वेदना तेवढी जाणवत नाही. आणि तो बरा होऊ लागला, हातपाय गरम झाले, की ती वेदना परत जाणवायला लागते. म्हणजे ‘ठणका थांबला’ या कसोटीवर औषध जोखलं तर मरणाऱ्याला उतार पडला म्हणायची पाळी येईल, आणि वाचणाऱ्याचं बिघडलं म्हणायची. औषधानं काय व्हायला हवं, हे आधी ठरवावं लागतं. तेच चुकलं तर पुढचे आकडे कितीही काटेकोर असोत, फुकट.

दवाखान्यातली औषधं त्या काळी फार वेगळी होती असं नाही. अ‍ॅट्रोपिन, स्टेरॉइड, अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं, गुंगीच्या औषधांचं मिश्रण, जे हाताशी असेल ते द्यायचे. अ‍ॅट्रोपिननं तर आधीच पळणारं हृदय आणखी पळायचं. इथे आयुर्वेद विरुद्ध अ‍ॅलोपथी असा सामनाच नव्हता. भगत सवयीनं मूळ उगाळत होता, डॉक्टर सवयीनं सुई टोचत होते.

विषाचं काम समजल्यावर दिशा मिळाली. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंमधली सोडियमची दारं उघडी ठेवतं. त्यामुळे अ‍ॅड्रिनॅलिनच्या जातीची द्रव्यं रक्तात बेसुमार ओतली जातात, रक्तवाहिन्या आवळतात, त्या आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं आणि पाणी फुप्फुसात साचतं. मग आवळलेल्या वाहिन्या सोडवणारं औषध हवं. सोडियम नायट्रोप्रुसाइडची सलाईन हे काम करते, पण तिला मिनिटामिनिटाला रक्तदाब बघणारा माणूस लागतो. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी होती आणि ती नेमकी त्याच ठिकाणी अडसर घालते जिथे विषाचा झंझावात लागतो. डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी प्राझोसिनबद्दल १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. १९८३ पर्यंत पश्चिम भारतात फुप्फुसात पाणी होऊन अशा रुग्णांतले २५ ते ३० टक्के दगावत. प्राझोसिन आल्यावर हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं.

हा पुरावा भक्कम आहे का? काटेकोर माणूस लगेच बोट ठेवील. दोन वेगळ्या काळांची ही तुलना आहे. मधल्या वर्षांत रस्ते झाले, रिक्षा-जीप आल्या, रुग्ण लवकर पोचू लागले. औषध आहे म्हटल्यावर सौम्य दंशवालेही दवाखान्यात येऊ लागले असणार, आणि ते हिशेबात धरले की मृत्यूचं प्रमाण आपोआप उतरतं. आक्षेप बरोबर आहेत. पण पंचवीस टक्क्यांवरून एकावर येणं एवढ्यानं होत नाही. घट इतकी मोठी आहे की तिच्यातून हे सगळं वजा केलं तरी पुष्कळ उरतं, आणि औषधाचं काम विषाच्या कामाशी जुळतं. इतका मोठा फरक एका तालुक्यातल्या डॉक्टरला नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतो.

तरी पुढचा प्रश्न आला तेव्हा डोळ्यांवर विसंबून भागणार नव्हतं. प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिलस दिली तर जास्त फायदा होतो का? रुग्ण आता दोन्हीकडे वाचतच होते. तेव्हा महाडला ७० रुग्णांची चाचणी झाली. कुणाला नुसतं प्राझोसिन आणि कुणाला दोन्ही, हे डॉक्टरच्या मर्जीवर नाही, तर चिठ्ठ्या टाकल्यासारखं यदृच्छेनं ठरलं. दहा तासांत सगळी लक्षणं ओसरलेले रुग्ण दोन्ही औषधं मिळालेल्या गटात ३५ पैकी ३२ होते, नुसत्या प्राझोसिनच्या गटात ३५ पैकी ८. निकाल २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. यात एक उणीव होती: कुणाला काय दिलंय हे डॉक्टरांना आणि रुग्णांना ठाऊक होतं. ती उणीव चाचणीच्या शीर्षकातच जाहीर केलेली आहे, हे मला त्या निकालाइतकंच मोलाचं वाटतं.

अंजायनाकडे या तयारीनं बघितलं की लक्षात येतं, हे दुखणं विंचवापेक्षा फसवं आहे. विंचवाचा निकाल एका रात्रीत लागतो. अंजायना महिनोन् महिने कमी-जास्त होत राहतो. थंडीत वाढतो, भरपेट जेवणानंतर वाढतो, भांडणानं वाढतो. माणूस औषधाकडे वळतो तो दुखणं सगळ्यात जास्त असतानाच. तिथून पुढे ते थोडं खाली येणार हे बहुधा ठरलेलंच. शिवाय साल सुरू करणारा माणूस नुसती साल सुरू करत नाही. तो विडी कमी करतो, तेलकट सोडतो, चढावर सावकाश चालायला शिकतो. आणि आपण काहीतरी करतोय या भरवशानंही छाती हलकी होते.

हा भरवसा किती ताकदीचा असतो, याचा पुरावा १९५० च्या दशकातल्या एका शस्त्रक्रियेनं दिला. छातीच्या आतल्या बाजूनं उतरणारी एक धमनी बांधली की रक्त हृदयाकडे वळेल, अशी कल्पना होती. रुग्णांना फार बरं वाटायचं, शल्यचिकित्सक खूश होते. मग १९५९ आणि १९६० साली अमेरिकेत दोन लहान चाचण्या झाल्या, एक १७ रुग्णांची आणि दुसरी १८. काहींची धमनी खरंच बांधली, काहींच्या छातीवर नुसता छेद घेऊन टाके घातले. बरं दोघांनाही वाटलं. दुसऱ्या चाचणीत नुसता छेद घेतलेल्या पाचही जणांनी सुधारणा सांगितली. ती शस्त्रक्रिया तिथेच संपली. आपल्याकडे आज सर्रास होणाऱ्या अँजिओप्लास्टीलाही हीच परीक्षा द्यावी लागली. २०१७ साली ब्रिटनमध्ये स्थिर अंजायनाच्या २०० रुग्णांपैकी काहींना खरी आणि काहींना लटकी अँजिओप्लास्टी केली. सहा आठवड्यांनी चालण्याच्या पट्ट्यावर टिकून राहण्याच्या वेळेत फरक पडला तो साडेसोळा सेकंदांचा, आणि तोही योगायोगानं पडू शकेल इतकाच. २०२३ साली, गोळ्या थांबवलेल्या ३०१ रुग्णांवर, त्याच गटानं पुन्हा चाचणी केली. तेव्हा स्टेंट घातलेल्यांचं दुखणं खरोखर कमी झालेलं दिसलं. हृदयविकाराचा झटका आलेला असताना केलेल्या अँजिओप्लास्टीचा प्रश्न अर्थातच निराळा. तिथे ती जीव वाचवते.

अर्जुनाच्या चाचण्या आहेत, आणि त्या भारतातल्याच आहेत. १९९४ साली दिल्लीच्या डॉ. श्रीधर द्विवेदी आणि सहकाऱ्यानं स्थिर अंजायनाच्या १५ आणि अस्थिर अंजायनाच्या ५ रुग्णांना सालीची भुकटी तीन महिने दिली. स्थिर गटात कळा निम्म्यावर आल्या. अस्थिर गटात, म्हणजे जिथे झटका दारात उभा असतो तिथे, सांगण्यासारखा फरक नव्हता. पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. आणि नुसत्या छेदानं किती उतार पडतो, ते आपण आत्ताच पाहिलं. या अभ्यासातली माझ्या मते सगळ्यात उपयोगाची ओळ अस्थिर गटाचीच आहे, आणि दुकानातल्या पुडीवर नेमकी तीच नसते.

अर्जुनाच्या बाजूचा सगळ्यात चांगला कागद २००२ सालचा, इंदूरचा. ५८ पुरुष रुग्ण. प्रत्येकाला एकेक आठवडा तीन गोष्टी आळीपाळीनं दिल्या: अर्जुनाच्या सालीचा अर्क ५०० मिलिग्रॅम दर आठ तासांनी, अंजायनाचं प्रस्थापित औषध आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट, आणि औषध नसलेली गोळी. मध्ये काही दिवस विश्रांती. कुठल्या आठवड्यात काय, हे रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही. एकच माणूस तिन्ही घेतो म्हटल्यावर वय, सवय, धमन्यांची अवस्था हे सगळे फरक गळून पडतात. पट्ट्यावर चालण्याची सरासरी वेळ नुसत्या गोळीच्या आठवड्यात पावणेपाच मिनिटं होती, अर्जुनाच्या आठवड्यात सहा मिनिटांच्या थोडी वर. ईसीजीवर दिसणारी रक्तपुरवठ्याची ओढही कमी झाली. आयसोसॉर्बाइडच्या तुलनेत अर्जुन फारसा मागे नव्हता.

हा निकाल झटकून टाकण्यासारखा नाही. रचना चांगली, मोजमाप यंत्राचं, परिणाम सरळ दिसणारा. पण एक आठवडा, एक केंद्र, फक्त पुरुष. अर्क ठरावीक, घरच्या काढ्यासारखा नाही. चालण्याची वेळ वाढली, म्हणजे झटका टळला किंवा आयुष्य वाढलं असा अर्थ होत नाही. असा निकाल आला की दुसऱ्या गावात, दुसऱ्या हातांनी, जास्त माणसांवर, जास्त काळ तोच प्रयोग करायचा असतो.

जास्त माणसं किती, याचा अंदाज अ‍ॅस्पिरिनवरून येतो. अ‍ॅस्पिरिनचं मूळही झाडाच्या सालीत, विलोच्या. १९८८ साली ‘आयसिस-२’ नावाच्या प्रचंड चाचणीत, झटका आल्याची शंका असलेल्या १७,१८७ रुग्णांत, महिनाभर अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांतले ९.४ टक्के दगावले आणि न घेणाऱ्यांतले ११.८ टक्के. शंभरात दोन-अडीच जीव. जगभराचा हिशेब केला तर हा आकडा लाखांत जातो, पण महाडच्या एखाद्या डॉक्टरनं किंवा पोलादपूरच्या एखाद्या वैद्यानं शंभर रुग्ण पाहिले तर शंभरात नऊ गेले की बारा, यावरून त्याला काहीही कळणार नाही. प्राझोसिनचा फरक अनुभवाला दिसला. अ‍ॅस्पिरिनचा दिसूच शकत नव्हता. अर्जुनाचा गुण असलाच तर तो प्राझोसिनच्या मापाचा नाही. तसा असता तर वादच उरला नसता.

‘आयसिस-२’ चाचणीतली एक गंमत सांगतो. निकाल छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांनी आग्रह धरला की रुग्णांचे वेगवेगळे गट पाडून दाखवा. संशोधकांनी त्यांत जन्मराशीही घातली, पाश्चात्त्य पद्धतीची. निघालं असं, की मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना अ‍ॅस्पिरिनचा फायदा नाही, उलट थोडा तोटाच! हे अर्थातच खोटं आहे, आणि खोटं आहे हे दाखवायलाच छापलं. आकड्यांचे पुरेसे तुकडे केले की कुठल्या ना कुठल्या तुकड्यात हवं ते सापडतं.

मिथुन-तूळ लक्षात ठेवूनच २०१६ साली आलेली दिल्लीच्या एम्सची चाचणी वाचावी. हृदय कमजोर झालेल्या १०० रुग्णांना अर्जुनाचा जलार्क किंवा औषध नसलेली गोळी, १२ आठवडे. हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर टाकतं, ही कसोटी आधी ठरवलेली. तिच्यात फरक पडला नाही. चालण्याची क्षमता आणि काहींच्या तक्रारी यांत थोडी सुधारणा दिसली. मुख्य कसोटी हुकल्यावर बाजूच्या खान्यांत सापडलेलं यश पुढच्या प्रयोगाची खूण म्हणून जपायचं, औषधाची जाहिरात म्हणून नाही. मला विचाराल तर अर्जुनाबद्दल आज एवढंच म्हणता येतं: स्थिर अंजायनात थोडा गुण असण्याची शक्यता खरी आहे, पुरावा तोकडा आहे, आणि चालू असलेल्या गोळ्या सोडून त्यावर राहावं असं काहीही सिद्ध झालेलं नाही. रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना साल घेत असाल तर डॉक्टरांना सांगायला हवं. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

वनस्पतीवर मुळातूनच अविश्वास दाखवणाऱ्यांसाठी मुंबईचंच उदाहरण आहे. सर्पगंधेच्या मुळीनं रक्तदाब उतरतो, हे कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली लिहिलं होतं. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी केईएम रुग्णालयात रुग्णांवर ती तपासली आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये ५० रुग्णांचा अहवाल दिला. काही वर्षांत त्या मुळीतून रेसर्पिन निघालं, जगभर गेलं, आणि वकिलांना १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे मन खिन्न होण्याच्या तक्रारी आल्या आणि औषध मागे पडलं. गुग्गुळाचं नशीब उलटं. भारतात कोलेस्टेरॉलवरचं औषध म्हणून १९८० च्या दशकात गुग्गुळाचा अर्क बाजारात आला. २००३ साली अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवड्यांची काटेकोर चाचणी झाली, तर वाईट कोलेस्टेरॉल कमी व्हायच्या ऐवजी चार-पाच टक्क्यांनी वाढलं. सर्पगंधा पास झाली, गुग्गुळ नापास, आणि ग्रंथांचा आधार दोघांनाही होता.

छातीतलं दुखणं बसल्यावर जात नसेल, वीस मिनिटं टिकलं असेल, घाम फुटला असेल, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, तर मात्र वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवायचं. तिथे साल, सोडा, ओवा यांपैकी कशाचाच प्रश्न नाही. १०८ ला फोन करायचा आणि ईसीजी निघेल अशा जागी पोचायचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या तासा-दोन तासांत जेवढं काम करतं तेवढं सहा तासांनी करत नाही, आणि मुंबई महाडहून पावणेदोनशे किलोमीटरवर आहे. कशानं तरी बरं वाटलं म्हणून थांबू नये. २००३ साली अमेरिकेत, छातीत दुखतं म्हणून आलेल्या ४५९ रुग्णांना जिभेखाली नायट्रोग्लिसरीन दिलं, तेव्हा हृदयाचं दुखणं असलेल्यांपैकी ३५ टक्क्यांना आराम पडला आणि नसलेल्यांपैकी ४१ टक्क्यांना. हृदयाच्या खास औषधानं पडलेला आराम निदान सांगत नसेल, तर सोड्यानंतर आलेली ढेकर काय सांगणार?

अर्जुनाचा पुरावा गोळा करण्याच्या कामात पोलादपूरच्या वैद्यांनाही करण्यासारखं आहे, आणि त्याला मोठा खर्च नाही. एक वही ठेवायची. साल सुरू करण्याआधी ईसीजी काढलेला का. साल कुठल्या झाडाची, कुणी आणली, नमुना जपून ठेवला का. सुरू करण्याआधीच्या चार आठवड्यांत कळा किती आल्या, नंतरच्या चार आठवड्यांत किती. सोबत कुठल्या गोळ्या चालू आहेत, विडी सुटली का. आणि ‘गुण आला’ या रकान्याच्या शेजारी आणखी एक रकाना हवा: परत न आलेले. ते मुंबईला मुलाकडे गेले, दुसऱ्या डॉक्टरकडे गेले की वारले, हे शोधायला वाडीवर जावं लागतं.